खालच्या पट्टीत

माझ्या सवती किती, हे मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं. पुढच्या खोलीत भिंतभर कपाट आहे, त्यात त्या पुठ्ठ्याच्या कव्हरांत एकीला एक चिकटून उभ्या असतात. सवती म्हणते खरी, पण त्यात पुरुषच जास्त. जॉन कोलट्रेन आहे, माइल्स डेव्हिस आहे, डाव्या हाताने उलटी गिटार धरणारा जिमी हेंड्रिक्स आहे. मल्लिकार्जुन मन्सूर आहेत, कुमार गंधर्व आहेत. बाख नावाचा एक जर्मन आहे, त्याची रेकॉर्ड काढण्याआधी आमचे हे हात धुऊन येतात. लग्नाला अडतीस वर्षं झाली. ही मंडळी गात-वाजवत असताना मी काही बोलले आणि ते यांच्या कानात शिरलं, असं फार वेळा घडलेलं नाही.

मी नूतन. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंतच नाही, तर शाळेबाहेरच्या बोरीखाली लपलेल्या पोरांपर्यंत जायचा. आमचे हे, म्हणजे दारावरच्या पाटीवरचे गुणवंतराव, वीजकेंद्रात टर्बाइनवर ऑपरेटर होते. तिथले एक बंगाली इंजिनिअर बदली होऊन जाताना रेकॉर्डच्या दोन पेट्या यांच्या गळ्यात घालून गेले. ते गेले कलकत्त्याला आणि ही साथ लागली आमच्या घराला. पुढे नागपूरच्या जुन्या बाजारातून, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या अडगळीतून भर पडत गेली. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसवर जातो, तेव्हा घरातला एकुलता एक कूलर त्या कपाटासमोर असायचा. रेकॉर्डी वाकू नयेत म्हणून. मी वाकले तरी चालायचं.

पण एक सांगायला हवं, हे एकटे ऐकणारे नव्हेत. मला पदर धरून बसवायचे. मी तांदूळ निवडत असले तर सूप घेऊन बसायची मुभा होती.

"नूतन, ऐक. हा माणूस वाजवून नाई राह्यला, भांडून राह्यला. देवासंगं." हे कोलट्रेनबद्दल.

"मंग देव काय म्हणते?"

"तेच तं तो ऐकून राह्यला."

लुई आर्मस्ट्राँग गायला लागला की मी म्हणायचे, खडीवरून बैलबंडी चालली. हे खो खो हसायचे आणि म्हणायचे, बरोबर, पण बंडीत बसलेला माणूस बघ किती खुशीत आहे. कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस कायमचं निकामी झालं होतं, हे यांनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं. "एका श्वासात मावंल तेवढंच घेते अन तरी गाणं पूर्ण वाटते, पाह्य." माइल्स डेव्हिसबद्दल म्हणायचे, काय वाजवायचं नाही ते या माणसाला समजतं. मी म्हणाले, तुम्हालाही काय ऐकायचं नाही ते बरोबर समजतं. त्यावरही हसले. या माणसावर रागावणं मोठं कठीण काम आहे, मी अडतीस वर्षं नेटाने केलं.

आता मूळ गोष्टीवर येते. मला संगीतातलं कळत नाही, धुळीतलं कळतं. चंद्रपूरची धूळ काळी असते. कोळशाची. एखाद्या वस्तूला दोन दिवस हात लागला नाही तर बोट फिरवताच काळं होतं. दर रविवारी ते कपाट मी पुसते. दोन वर्षांपूर्वी माझ्या ध्यानात आलं की डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांवर धूळ जाड होत चालली आहे. तिथे यांच्या जिवाची माणसं. किशोरी आमोणकर तिथे, सारंगी, बासरी, सगळी व्हायोलिनं तिथे. बिली हॉलिडे नावाची ती बाई, जिचं गाणं ऐकताना यांचे डोळे भरायचे, तीही तिथेच. उजवीकडचा खालचा कप्पा मात्र लख्ख. चार्ल्स मिंगसचा तो उंचापुरा बास, बाखचा सेलो, पखवाज, रुद्रवीणा, त्या दांडग्या रॉकवाल्यांचे ढोल. रोज तेच चालायचं. घर नुसतं घुमायचं.

आधी वाटलं, आवड बदलली. वय झालं की माणसाला गोड खाववत नाही, तसं काही असेल. मग एक दिवस दिव्यानीचा फोन आला. दिव्यानी आमची मुलगी, भामरागडच्या दवाखान्यात सिस्टर आहे. यांनी फोन उचलला, "हो हो, बरा आहे, आईले देतो" म्हणाले आणि माझ्या हातात दिला. नेहमी असंच करायचे. त्या दिवशी पलीकडून पोरगी चिडून म्हणाली, "आई, मी बाबाले विचारलं आई कुठी आहे, तं बाबा म्हणते बरा आहे."

दिव्यानीचा आवाज बारीक आहे, लहानपणापासून. मी कपाटाकडे पाहिलं. जे जे बारीक आणि उंच, त्या सगळ्यावर धूळ होती.

हे मान्य करतील तर ना! "रेकॉर्डच घासल्या गेली." "तिथलं नेटवर्कच तसं." "तू तोंडातल्या तोंडात बोलते." मी, आणि तोंडातल्या तोंडात! शेवटी दिव्यानीने ठणकावलं की तपासणी केली नाही तर मी रजा टाकून येते. तेव्हा कुठे निघाले, तेही नवा शर्ट घालून, परीक्षेला निघाल्यासारखे.

कानाच्या डॉक्टरांकडे एक काचेची खोली असते. पेशंटला आत बसवतात, कानावर हेडफोन चढवतात आणि हातात एक बटण देतात. बाहेर मशीनपाशी पुनम नावाची मुलगी होती, नुकतीच कामाला लागलेली. तिने यांना नीट समजावलं. "काका, बारीकसा जरी आवाज आला ना, की बटन दाबजा. नाई आला तं नका दाबू." मी तिच्या शेजारी स्टुलावर बसले.

पुनम एकेक सूर सोडू लागली. हे बटण दाबत होते, दर वेळी. तिच्या मशीनवर दिवा लागायचा आणि ती कागदावर खूण करायची. वरचे वरचे सूर आले तरी हे दाबतच होते. पुनम खुश झाली, म्हणाली, "काकूबाई, काकाचे कान तं माझ्याहून चांगले आहेत."

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी नजर काचेतून यांच्या डाव्या हातावर गेली. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक, दोन, तीन, चार. करंगळीचं शेवटचं पेर आलं की उजव्या हाताचं बटण. हे मात्रा मोजत होते. बिचारी पुनम नवखी, सगळे सूर एकाच अंतराने सोडत होती, घड्याळ लावल्यासारखे. चाळीस वर्षं ज्याने समेवर मान हलवली त्याला हे अंतर पकडायला दोन आवर्तनंही लागली नाहीत. आवाज येवो न येवो, समेवर बटण पडत होतं.

मी गप्प बसले असते तर यांचा रिपोर्ट उत्तम आला असता. आम्ही दोघं जटपुरा गेटवर चहा पिऊन घरी गेलो असतो. हे माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत बसले असते आणि आणखी दोन वर्षांत मीही त्या धुळीच्या कप्प्यात जाऊन बसले असते. मी पुनमच्या हातावर हात ठेवला.

"बाई, एकदा नको सोडू. काहीच नको वाजवू."

ती थांबली. खोलीत हेडफोनमध्ये काही नव्हतं. अंगठा करंगळीवर पोचला आणि यांनी बटण दाबलं. दिवा लागला. पुनमने माझ्याकडे पाहिलं. तिने अजून थोडं थांबून पाहिलं, तर पुन्हा लागला. मग यांनी मान वर केली. पुनमचे दोन्ही हात मांडीवर आणि माझा हात तिच्या हातावर, हे त्यांनी काचेतून पाहिलं. हळूच बटण खाली ठेवलं. अडतीस वर्षांत मी या माणसाला पुष्कळ बोलले असेन, पण इतकं कधी दुखवलं नव्हतं.

दुसऱ्यांदा तपासणी झाली, उलटसुलट अंतराने. वरचे सूर दोन्ही कानांतून जवळजवळ गेलेले, खालचे शाबूत. डॉक्टरांनी विचारलं, "कामावर कानात बोळे घालत नव्हता का?"

"देत होते. मी खिशात ठेवत होतो."

"का?"

"मशीन सुरात आहे का नाई, ते कसं समजंल मंग?"

डॉक्टरांना ते वेड्यासारखं वाटलं असणार. मला नाही वाटलं. हे मला सांगायचे, टर्बाइन तीन हजार फेऱ्यांवर आलं की एकच खर्ज लागतो, तंबोऱ्यासारखा, आणि त्यात जरा कुठे बेअरिंग कुरकुरलं तर मीटरच्या आधी मला कळतं. ते पिवळे बोळे दर आठवड्याला यांच्या पँटच्या खिशात सापडायचे. मी ते धुऊन, सुकवून परत खिशात ठेवायचे. इतकी वर्षं ठेवले. हे बोळे कानात का घालत नाही, असं एकदाही विचारलं नाही. पोरांच्या दप्तरात गोटी सापडली तर मी अर्धा तास जाब विचारायचे.

डॉक्टर म्हणाले, मशीन लावा. बोलणं छान ऐकू येईल, गाणं मात्र आधीसारखं लागणार नाही. आणि उशीर करू नका, कानाची शब्द ऐकायची सवय मोडली की मग मशीन लावूनही उपयोग होत नाही.

घरी आल्यावर चार दिवस अबोला. यांचा नव्हे, माझाच म्हणा, कारण हे तर "चहा दे", "पाणी आलं का" असं साधंच बोलत होते आणि मी लाजेने कपाटाकडेही बघत नव्हते. पाचव्या दिवशी मीच विषय काढला. समोर बसून, तोंड दिसेल असं.

"तुमचा तो बीथोवेन बहिरा होता म्हणता ना? त्याचं काय अडलं?"

"तो लिहीत होता, नूतन. लिहिणाऱ्याले कान नसले तं चालते. ऐकणाऱ्याजवळ दुसरं काय असते?"

थोड्या वेळाने यांनी आपणहूनच सांगितलं. कपाळावर बोट ठेवून म्हणाले, "इथी सगळं जागच्या जागी आहे. किशोरीताईचा वरचा सा, जसाच्या तसा. सारंगी, व्हायोलिन, सगळं. रेकॉर्ड न लावता ऐकू येते मले. आता मशीन लावली अन पत्र्यासारखं ऐकू आलं, तं तेच बसून जाईन त्याच्यावर. मंग हेही गेलं आणि तेही. मी नाई लावत."

तर हे होतं यांच्या मनात. म्हाताऱ्याचा हट्ट नव्हता, भीती होती. मला ती कळली. खरंच कळली. आणि कळल्यामुळेच मला इतका राग आला.

"अन माझा आवाज?" मी विचारलं. "तो आहे का तिथी जागच्या जागी? कसा आहे सांगा बरं."

खोटं बोलले असते तरी चाललं असतं. पण आवाजाच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलत नाही. डोळे मिटून त्यांनी खरोखरच शोधला. बराच वेळ शोधला.

"वरच्या पट्टीतला आहे," म्हणाले. "लांबून आल्यासारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली आणि दिव्यानीकडे निघाले. दोन दिवसांसाठी, असं सांगून.

ऑगस्टचा महिना. भामरागडला जाऊ नये असा. आलापल्लीपर्यंत लोहखनिजाच्या ट्रकांच्या मागेमागे, पुढे जंगलातून. पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पर्लकोटा नदी पुलावर चढली. तिथे तीन नद्या एकमेकींना भेटतात. एकीला फुगवटा आला की बाकीच्या दोघी तिला मागे ढकलतात आणि गाव बेट होऊन बसतं. वीज गेली. बाजाराच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी आलं. दवाखाना उंचावर म्हणून आम्ही सुखरूप होतो, पण मी पूर बातम्यांत पाहिलेला, असा पायरीशी आलेला नाही.

दवाखान्यात सोमारी नावाची एक माडिया बाई होती. सुनेच्या बाळंतपणाला आलेली, नवरा नदीपलीकडच्या गावात. ती सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. पलीकडे, खूप लांब, एक माणूस यायचा. ही ओरडायची, तोही ओरडत असावा. मधल्या पाण्याच्या आवाजात कोंबडंसुद्धा ऐकू येत नव्हतं. मी दिव्यानीला सांगितलं, विचार तिला, ऐकू येत नाही तर जाते कशाला. दिव्यानीने तिच्या बोलीत विचारलं. सोमारी हसली आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, तो येते म्हणून."

मी तशीच फोन घेऊन दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर गेले. तिथे कधी नेटवर्कची एखादी काडी यायची. फोन लागला.

"अवो, रस्ता बंद झाला. पूर आला इथी."

"हो, हो. जेवलो. वरण-भात केला."

"पूर आला म्हणून राह्यली मी! पूर!"

"हो, हो. तू काळजी नको करू."

"घराले आग लावा आपल्या."

"हो, हो."

मेसेज पाठवता आला असता. मला टाइप करता येतं, चौथीला शिकवलंय मी. नाही पाठवला. बसू दे जरा घोर लावून, असं मनात आलं, हे कबूल करते. पण फोन ठेवताही येईना. समोर ते मातकट पाणी एक अख्खं झाड वाहून नेत होतं, मुळांसकट, आणि पलीकडे माझा माणूस जिवाची खुशाली देत होता, न विचारलेल्या प्रश्नांना. मी ओट्यावर बसले.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण ऐकणारंच कुणी नव्हतं, तेव्हा घ्यायला काय हरकत होती? ओरडायचं त्राणही उरलं नव्हतं, आवाज आपसूक छातीतून आला, खालून.

"गुणवंता," मी म्हटलं, "मले लय भेव वाटून राह्यलं रे. तू असा हळूहळू चालला जाशीन अन मी बोलतच राहीन, याचं भेव वाटते."

पलीकडून 'हो हो' आलं नाही.

"काय?" हे म्हणाले. "नूतन, काय म्हटलं?"

आणि काडी गेली. पाच दिवस गेली.

त्या पाच दिवसांत मी मेसेज लिहिले आणि पाठवायचं बटण दाबत बसले, जात एकही नव्हता. दोनदा सोमारीबरोबर पाण्यापाशी जाऊन उभी राहिले. माझं पलीकडे कुणी नव्हतं, तिच्या नवऱ्याला हात करून आले.

सहाव्या दिवशी पाणी उतरलं. फोनला जीव आला तसा दिव्यानीने बाबांना बसची वेळ कळवली. आलापल्लीला गाडी बदलून चंद्रपूरला पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बसस्टँडवर ही गर्दी. माइकवर गाड्यांची नावं चाललेली, चार ड्रायव्हर एकदम हॉर्न देताहेत, कंडक्टर "मूल, सावली, गडचिरोली" म्हणून कोकलताहेत. त्या सगळ्याच्या मधोमध खांबाला पाठ टेकून हे उभे होते. चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घाम. प्रत्येक हॉर्नला दचकत होते, कुणी मारल्यासारखे. बाजूला आमच्या शेजारच्या घरातले देवाजीभाऊ छत्री धरून उभे.

"एक तासापासून उभे आहेत," देवाजीभाऊंनी मला सांगितलं. "म्हटलं काढा ते थोडा वेळ, तं ऐकत नाई. तिची हाक चुकंल म्हणते."

तेव्हा मी पाहिलं. दोन्ही कानांमागे करड्या रंगाचं मशीन होतं.

"काढा आधी ते," मी म्हणाले. "इथी काऊन लावलं? त्रास होऊन राह्यला ना!"

"होऊन राह्यला," हे म्हणाले. आणि मग थांबून, नवल वाटल्यासारखे, "ऐकू आलं मले. सगळं. 'काऊन'सुद्धा."

स्टँडवर रडायची माझी पद्धत नाही. मी पिशवी देवाजीभाऊंकडे दिली. ते शहाण्यासारखे ऑटो बघायला गेले.

"कधी आणलं?"

"तू फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी. देवाजी म्हणे, भामरागड तुटलं. तेव्हा समजलं तू काय सांगत होती. गेलो पुनमबाईकडे. म्हटलं, पुन्हा घ्या परीक्षा, मात्रा नाई मोजत." मग खाली बघत म्हणाले, "नूतन, त्या दिवशी फोनवर तू शेवटी काहीतरी म्हटलं. शब्द नाई समजले. पण आवाज खाली आला होता तुझा. मंद्रात. तू कधी बोलत नाई तिथी. तिथलं येते ना मले ऐकू. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझा आवाज जवळून आला, अन तोही भेलेला. मी इथी वरण-भात सांगून राह्यलो होतो."

"रेकॉर्ड लावून पाहिली?" मी विचारलं. मला राहवेना.

"पाहिली. किशोरीताईची."

"मंग?"

"पत्रा," हे म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "अन जसं म्हटलं होतं तसंच झालं. काल मशीन काढून आठवून पाहिलं, तं तो वरचा सा पत्र्यावाणीच आठवला. येईन कदाचित परत. नाई तं नाई. मिंगस आहे, बाखचा सेलो आहे, ते नुसत्या कानानं येते. पुरते."

मागून नागपूरच्या गाडीने इतक्या जोरात हॉर्न दिला की यांचे डोळे गच्च मिटले. हात कानाकडे गेले आणि अर्ध्यातून खाली आले. या माणसाने आयुष्यभर जे जपलं, त्याच्यावर स्वतःच्या हाताने ओरखडा काढून घेतला होता, आणि आता तो चंद्रपूरच्या स्टँडचा गोंगाट अंगावर घेत उभा होता, मी काय बोलते हे ऐकायला. याच माणसाला मी मुद्दाम घोर लावून बसवलं होतं. लाज वाटली मला.

"आता सांग," हे म्हणाले. "काय म्हटलं होतं?"

आजूबाजूला माणसंच माणसं. बाकावर आष्टीला जाणारी दोन म्हातारी माणसं, शेंगदाणेवाला, पिशवीवर बसलेल्या बाया. घरी गेल्यावर सांगते, असं म्हणणार होते. पण हे माझ्या तोंडाकडे असे बघत होते, पूर्वी रेकॉर्डवर सुई टेकताना बघायचे तसे, श्वास धरून. मी त्यांच्या कानाशी गेले नाही. समोर उभी राहिले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या, सगळं सांगितलं. नावासकट. शेंगदाणेवाल्याचा हात तराजूवर थांबला.

यांचे डोळे भरले. आर्मस्ट्राँग हसवायचा, बिली हॉलिडे रडवायची. दोन्ही एकदम होताना मी आजवर पाहिलं नव्हतं. खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि मैफलीत पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाच्या थाटात हात वर केला.

"वन्समोअर," म्हणाले.